पहिल्या भुईनळ्याचा मान

वरसेच्या नाक्यावर वालाच्या शेंगांचे ढीग लागले की मला हिरव्या रंगाचा थोडा राग येऊ लागतो. शेंगांचा यात दोष नाही. भात कापून झाल्यावर खाचरात जी ओल उरते तिच्यावर हा वाल उभा राहतो, आणि इतका निगर्वी हिरवा मी दुसरा पाहिलेला नाही. माझा राग आहे तो दुसऱ्या हिरव्यावर. त्याला उगवायला मांडव, माईक आणि साहेब लागतात.

माघातले हे दिवस रोह्यात वासांवरून ओळखावेत. सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारावीच्या प्रात्यक्षिकांमुळे आम्लाचा वास. संध्याकाळी कुणाच्या तरी बांधावर पोपटी लागलेली असते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, मडकं उलटं आणि भोवती जाळ. त्या धुराचा वास अंगावरच्या शर्टातून दोन धुण्यांत जात नाही. आणि वारा फिरला की धाटावच्या कारखान्यांकडून एक वास येतो, ज्याचं नाव उभा जन्म रसायनशास्त्र शिकवूनही मला सांगता येत नाही. मुलं विचारतात, सर, आज कसला वास आहे? मी सांगतो, रोजगाराचा.

याच दिवसांत मी मुलांकडून ज्वालेची परीक्षा करून घेतो. तारेच्या टोकाला क्षाराचा कण घ्यायचा, तार बर्नरच्या निळ्या ज्वालेत धरायची आणि रंग पाहायचा. बेरियमचा क्षार बाटलीत असतो तेव्हा पिठासारखा पांढरा, ज्वालेत गेला की हिरवा. पुस्तकात त्याला सफरचंदी हिरवा म्हटलं आहे. आमच्या मुलांनी पाहिलेली सफरचंदं लाल असतात, म्हणून ती आधी ‘कैरीसारखा’ म्हणतात आणि मग सफरचंदी लिहितात, कारण गुण सफरचंदाला आहेत. दरवर्षी कुणाची तरी ज्वाला हिरवी होण्याऐवजी पिवळीधमक होते. तार नीट धुतलेली नसते किंवा बोटांना घाम असतो. घामात मीठ, मिठात सोडियम. सोडियमची जात समारंभातल्या प्रमुख पाहुण्याची. कणभर आला तरी सगळा उजेड त्याच्यावर जातो, आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला तो बेरियम असून नसल्यासारखा होतो.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका माघात मी हे फळ्यावर शिकवत होतो आणि तिकडे माझ्या मामाला हिरवा रंग हवा होता. तो त्याने मला विचारला नाही.

मामाचं गाव रोह्याशेजारच्या अष्टमीच्या पलीकडे, रस्ता सोडून आत. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात वाल, आणि उरलेल्या वेळात एकमेकांच्या बांधावर नजर, असा गावाचा क्रम. ग्रामदेवीची जत्रा माघात भरते. दिवेलागणीला पालखी देवळातून निघते आणि सहाणेवर, म्हणजे गावाच्या मधोमध असलेल्या दगडी ओट्यावर, टेकते. तिथून ती उठते ती पहिला भुईनळा फुलल्यावरच. तो पेटवायचा मान मामाच्या घराचा. नियम साधा आणि तिथलं शेंबडं पोरही तो जाणतं: ज्याच्या हाताने पेटलेल्या नळ्यावर पालखी उठली, मान त्याच्या घराचा. मामाच्या आजाकडे तो असाच आला होता. ज्यांचा मूळ मान, त्या घरातला कर्ता पुरुष ऐन जत्रेत तापाने पडला, मामाच्या आजाने शेजारधर्म म्हणून नळ्याला पेटत्या चिंध्यांचा काकडा लावला, नळा फुलला, पालखी उठली. शेजारधर्मात हाती आलेली वस्तू परत करायची पद्धत आपल्याकडे नाही.

या मानाचं उत्पन्न म्हणजे अर्धा नारळ. मामीने ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. सोरा, गंधक, रुईच्या काटक्यांचा कोळसा आणि लोखंडाचा कीस असा नळ्याच्या दारूचा पसारा मामा ओटीवर मांडायचा, मामीला “गो, चूल इझव आधी” म्हणून सांगायचा, आणि ती चूल विझवताना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, की लोकांच्या घरात मान येतो तो दूधदुभत्याचा, आमच्यात आला तो उपाशी बसायचा. कुंभाराकडून पोपटीच्या मडक्यांबरोबरच आलेली नळ्याची मातीची कुपी मामा मांडीत धरायचा आणि लाकडी दांड्याने दारू ठासायचा. ठोकायची नाही, ठासायची. हा फरक त्याने मला लहानपणी कानाला धरून शिकवला होता. वर्षाच्या बाकीच्या दिवसांत गावच्या बैठकीत मामाला कुणी बोलू देत नसे. त्याचं शेत लहान, आवाज बारीक आणि मत बहुधा बरोबर. गावात मागे पडायला एवढं पुरतं. पण माघातल्या त्या संध्याकाळी पालखीचे भोई, ढोलवाले, पाटील आणि पाटलांचे जावई त्याच्या काकड्याकडे पाहत उभे असत. माणसाला एवढं लागतं. मी सभासमारंभांना नावं ठेवतो खरा, पण हे मला कळतं.

त्या वर्षी शेजारच्या गावाच्या जत्रेत हिरवा झाला. आमच्याकडे क्रियापद असंच वापरलं जात होतं, पाऊस झाला तसं हिरवा झाला. त्यांनी पनवेलकडचा कुणी दारूकाम करणारा आणला होता, आणि आकाशात फुटलेला हिरवा जिन्नस प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये होता. पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर घरातलं कुणी गेल्यासारखी कळा. मामाचा मुलगा विलास धाटावला कंपनीत कंत्राटावर होता आणि जत्रा कमिटीत कायम. दोन ठिकाणांपैकी कमिटीत त्याला जास्त विचारत. बैठकीत ठरलं की आपणही माणूस आणायचा, साहेबांना बोलवायचं, आणि पालखी उठली की आकाशात हिरवा करायचा. मग कुणीतरी म्हणालं, पहिला नळाही रंगीत असता तर बरं दिसलं असतं. मामाने विचारलं, पिवळ्याला काय झालं? तेव्हा विलास बापाला म्हणाला, “आबा, पिवळा काय, वेल्डिंगचापण निघतो.”

लोक हसले. मामाही हसला, असं विलासने मला नंतर सांगितलं. विलासला हसण्याचे प्रकार कळत नाहीत.

शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर विलास बरोबर होता. नळ्याचा सोनेरी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा आणि कोळशाचा उजेड. लोहाराच्या भट्टीत असतो तोच. पण बरोबर असणं आणि बापाला चारचौघांत सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पेणला गेला. घरात रसायनशास्त्राचा मास्तर भाचा असताना तो गेला माझ्या वडिलांकडे, कारण वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करत. मी यात त्याची चूक मानत नाही. मास्तरला विचारलं की मास्तर शिकवतो. शिवाय पेण म्हटलं की रंग, हे आमच्या तालुक्यात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. माघी गणपती उरकले की भाद्रपदाच्या मूर्तींना सुरुवात; वर्षाचे बारा महिने त्या गल्ल्यांत पितांबर पिवळे होत असतात, शेल्यांना काठ चढत असतात. माझ्या वडिलांचं आयुष्य पांढऱ्यावर रंग देण्यात गेलं. हिरवं दिसायला हवं तर हिरवं लावायचं, एवढा त्यांचा रंगाचा सिद्धान्त, आणि तो त्यांना कधी खोटा पडला नव्हता. मेव्हणा मान वाचवायला आलाय म्हटल्यावर त्यांनी हात आखडता घेतला नाही. शेल्याच्या काठासाठी राखून ठेवलेली, सगळ्यात तेजदार, सगळ्यात महाग हिरवी भुकटी त्यांनी डबाभर दिली. मामाने विचारलं, जळेल का दाजी? वडील म्हणाले, “पाण्यात उतरत नाय, उन्हात उडत नाय. आगीत कुठं जातोय?”

ते बरोबर होतं. कुठंच गेला नाही.

सहाणेच्या समोर साहेबांचा मंच घातला होता आणि मंचापुढे खुर्च्या, त्यामुळे सहाण दिसायची बंद झाली होती. निवेदक मधूनमधून पालखीचेही आभार मानत होता. मी प्रात्यक्षिकं उरकून उशिरा पोचलो. मामा धुतलेलं धोतर नेसून काकडा घेऊन उभा होता आणि माझ्याकडे पाहून किंचित मिश्कील हसला, जणू म्हणत होता, बघ आता मास्तर. वाकला. वात पेटली. नळ्याने एक दम घेतला, थोडं फुरफुरला, मग तोंडातून गलिच्छ धूर आणि धुरामागून शेवाळी रंगाची लिबलिबीत राख उकळून आली आणि कुपीच्या कडेने खाली ओघळली. ठिणगी अशी एकही नाही. रंगाची भुकटी जळणारी वस्तू नव्हेच. ती दारूच्या छातीवर बसली आणि दारू गुदमरली. मागून कुणी मामाचं नाव घेऊन म्हणालं, गणूदादाच्या नळ्याला सर्दी झाली. मामा दुसरी कुपी घ्यायला वळला. रिवाज असा, की पहिला नळा विझला तर देवीची माफी मागून दुसरा लावायचा, आणि तोवर पालखी थांबते. देवीला घाई नसते.

साहेबांना होती. मंचावरून कुणीतरी हात केला, दारूकामवाल्याला वाटलं खूण झाली, आणि मामाच्या डोक्यावर आकाशात हिरवा फुटला. मोठा, गोल, निर्दोष. मी व्यवसायाने त्या रंगाचा जाणकार, मलाही तो सुंदर वाटला. लोकांनी ओरडून आभाळ फाडलं. ढोल आपोआप सुरू झाले आणि भोयांनी पालखी उचलली. मामा दुसरी कुपी हातात घेऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर हिरवा उजेड पडला होता, तेवढाच काय तो त्याच्या वाट्याला आला.

वडील त्यानंतर बरेच दिवस कारखान्यात हिरव्याला हात लावताना थबकत, असं आई सांगायची. मामाने त्यांना शब्दाने दुखवलं नाही. पण वालाची पाटी पेणला जायची, ती त्या वर्षी गेली नाही.

शेंगा संपता संपता मामा माझ्याकडे वरसेला आला. चहा घेतला, फ्लॅटच्या खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि उशिराने, जवळजवळ तक्रारीच्या स्वरात विचारलं, की हिरवा होतो कसा? मी सांगितलं. मी मास्तर आहे, पण त्या दिवशी शिकवलं नाही. म्हटलं, मामा, ज्याच्यापासून हिरवा होतो तो बेरियमचा क्षार मुळात पांढरा. तो नुसता जळून हिरवा नीटसा होत नाही, फिकट होतो. त्याला आगीतच क्लोरीन भेटावा लागतो. दोघांची जोडी जमते ती जाळात, आणि ती जोडी असते तेवढाच वेळ हिरवा. बाहेरून आणून ठेवता येत नाही. आग कमी पडली तर जोडी जमत नाही, आग जास्त झाली तर तुटते आणि रंग पांढुरका पडतो. मिठाचा कण शिरला तर पिवळा सगळं झाकून टाकतो. शिवाय क्षार विषारी, आणि ही दारू घरात ठासताना माणसं मेली आहेत, तेव्हा तू याच्या वाटेला जायचं नाही.

मामाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हंजे दाजीची चूक नाय. रंग लावायचाच नव्हता.”

त्याला दुसरंही एक विचारायचं होतं, आणि मला वाटतं खरा तो त्यासाठीच आला होता. आकाशातल्या दारूवर पालखी उठली, तर मान कुणाचा? दारूकामवाल्याने बटण दाबलं, वातीला हात लावला नाही. साहेबांनी तर बटणही नाही. नळा कुणी पेटवला? कुणीच नाही. म्हणजे मान गेला नाही, थांबला. मी म्हटलं, बरोबर आहे. मी कायदा शिकलेलो नाही, पण तो युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. मामा जिना उतरताना आला होता त्यापेक्षा सरळ उतरला.

पुढची सगळी वर्षं तो त्या थांबलेल्या मानावर जगला. जत्रेत आधी ते बटण साहेबांच्या हाती आलं, मग बटण दाबणाऱ्याचं नाव फलकावर आलं, मग फलक देवळाच्या कमानीपेक्षा मोठा झाला. पहिला भुईनळा लावायची वेळ कार्यक्रमपत्रिकेत राहिली नाही. मामाला ‘परंपरेचे मानकरी’ म्हणून शाल मिळू लागली. दरवर्षी शाल, दरवर्षी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणं. मामी त्या शाली वालाच्या कणग्यांवर झाकण म्हणून घालते. लोकांना मामा हरलेला वाटे. मामाच्या हिशेबी मात्र दरवर्षी पालखी बटणावर उठत होती, म्हणजे दरवर्षी कुणाच्याच हाताने उठत नव्हती, म्हणजे त्याचा मान जागच्या जागी होता. मी त्याच्याइतका शांत पराभूत पाहिला नाही, कारण तो पराभूत नव्हता.

यंदा दारूकामाला परवानगी मिळाली नाही. बेरियमच्या दारूवर कोर्टाची बंदी जुनीच आहे. यंदा ती कुणीतरी वाचली. साहेबांना निमंत्रण गेलेलं, मंच उभा, आणि आकाशात करायला काही नाही. तेव्हा कमिटीला परंपरा आठवली. विलासच आला बापाकडे. आता त्याच्या कपाळावरचे केसही मागे गेलेत, बोलणं मऊ झालंय. नळा भरा म्हणाला, आपला पिवळाच. साहेबांनासुद्धा जुनं आवडतं म्हणाला. मामा म्हणाला, भरतो, पण पेटवणार मी. विलास म्हणाला, “आबा, तुमच्याबिगर कोण पेटवणार?” हे त्याने मनापासून म्हटलं होतं. तो खोटं बोलला नाही, फक्त कमिटी ऐन वेळी त्याला विचारणार नव्हती.

मामीने चूल विझवली आणि या खेपेला टोमणा मारला नाही. मी ओटीवर बसून होतो. कीस मामाने चाळला, पुन्हा चाळला. असा नळा आमच्या घरात कधी भरला गेला नसेल.

सहाणेपुढे तो काकडा घेऊन उभा राहिला, पालखी टेकली, ढोल थांबले. मग माईकवरून आवाज आला, की आपल्या प्राचीन परंपरेचा पहिला भुईनळा साहेबांच्या शुभहस्ते प्रज्वलित होत आहे. साहेब खाली आले. त्यांनी मामाला वाकून नमस्कार केला, हे मी मान्य करतो, आणि काकड्यासाठी हात पुढे केला. मामाने विलासकडे पाहिलं. विलास फोटोवाल्याला जागा करून देत होता. भोयांच्या खांद्यांकडे, देवीकडे, सगळीकडे एकदा पाहून मामाने काकडा दिला. काय करणार होता? देवीपुढे ओढाताण करायची नसते, हे त्याच्या घराला मान मिळण्याआधीपासून माहीत होतं. फोटोवाल्याने साहेबांना थोडं थांबायला सांगितलं, मग थोडं वळायला सांगितलं, आणि तेवढ्यात काकडा विझला. कुणीतरी मामाला विचारलं, काका, आगपेटी आहे का? त्याच्या बंडीच्या खिशात होती. तो म्हणाला, “नाय.”

लायटर भरपूर निघाले.

मामा तोवर गर्दीतून बाहेर पडला होता आणि मी त्याच्या मागे. आमच्या पाठीमागे नळा फुलला तेव्हा पायाखालची वाट, कुंपणं, वालाचं शेत, सगळं सोनेरी झालं आणि बराच वेळ तसंच राहिलं. फार उंच गेला असणार. लोकांचा आवाज चढत चालला होता, आणि नळा बनवणारा माणूस पुढे पाहून चालत होता. मीही मागे वळलो नाही.

ढोल सुरू झाले तसा मामा थांबला.

“पालखी उठली?”

मी म्हटलं, उठली.

“हातानं पेटवला ना त्यांनी?”

मी हो म्हटलं. दुसरं काही सुचलं असतं तर तेही म्हटलं असतं. मामाने खिशातली आगपेटी काढून उगाच हलवून पाहिली आणि परत ठेवली.

“मंग मान आज गेला,” तो म्हणाला, “आणि नळा माझाच.”